लंडनची तलवार कोणाच्या हाती?

२१ जानेवारी हा संत अग्नेसचा सण. याच तारखेला, १६४२ साली, लंडनबाहेरच्या टायबर्न येथील वधस्तंभावर दोन कॅथलिक धर्मगुरूंना फाशी देण्यात आले. एक बेनेडिक्टाइन संन्यासी फादर आल्बन रो आणि दुसरे वयोवृद्ध फादर थॉमस रेनॉल्ड्स. कॅथलिक धर्मगुरू असूनही इंग्लंडमध्ये राहून सेवाकार्य केले, एवढाच त्यांचा अपराध. फादर रो यांनी आयुष्याची अनेक वर्षे लंडनच्या फ्लीट तुरुंगात घालवली होती. तेथे ते कैद्यांशी पत्ते खेळत आणि पैशांऐवजी प्रार्थना पणाला लावत, असे सांगतात. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी त्यांना इंग्लंड व वेल्सच्या चाळीस हुतात्म्यांमध्ये संतपद बहाल केले.

या घटनेच्या बरोबर दहा दिवस अगोदर, ११ जानेवारीला, त्याच लंडन शहरात मोठा उत्सव झाला होता. थेम्स नदी होड्यांनी फुलून गेली होती आणि काठाने शहराच्या नागरी सेनेच्या तुकड्या निशाणे फडकवत, नगारे वाजवत चालल्या होत्या. राजाने ज्यांना पकडण्याचा प्रयत्न केला होता, ते पार्लमेंटचे पाच सभासद विजयी वीरांप्रमाणे वेस्टमिन्स्टरला परतत होते. इंग्लंडच्या इतिहासग्रंथांत हा दिवस लोकस्वातंत्र्याचा दिवस म्हणून गौरवला जातो. टायबर्नच्या त्या दिवसाची आठवण मात्र प्रामुख्याने आपल्या ख्रिस्तसभेनेच ठेवली आहे.

वाचकहो, हे दोन दिवस एकमेकांपासून अलग नाहीत. त्यांना जोडणारा धागा म्हणजे एका शहराची सेना आणि ती कोणाच्या हुकमात असावी यासाठी सात वर्षे चाललेला झगडा. त्या झगड्याची ही कथा आहे.

दुकानदारांची पलटण

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या राजाजवळ कायमची खडी फौज नव्हती. देशाचे रक्षण करायचे ते ठिकठिकाणच्या नागरी सेनेने. घरदार असलेल्या, कर भरणाऱ्या गृहस्थांनी ठरावीक दिवशी मैदानात जमावे, भाला किंवा तोड्याची बंदूक चालवण्याचा सराव करावा आणि पुन्हा आपापल्या धंद्याला लागावे, अशी पद्धत होती. या पलटणींना 'ट्रेन्ड बँड्स' म्हणत. बहुतेक परगण्यांत ही कवायत नावापुरतीच होती. लंडनची गोष्ट वेगळी. साडेतीन लाखांच्या आसपास वस्तीचे हे शहर देशातील सर्वांत श्रीमंत शहर होते, आणि येथील कापडवाले, सोनार, मिठाचे व्यापारी हौसेने कवायत शिकत. १६४२ साली या सेनेची नव्याने बांधणी झाली, तेव्हा तिच्यात सहा पलटणी, चाळीस तुकड्या आणि सुमारे आठ हजार माणसे होती. निशाणांच्या रंगावरून पलटणींना लाल, पांढरी, पिवळी, निळी, हिरवी आणि नारिंगी अशी नावे होती.

या सेनेला हुकूम द्यायचा तो शहराच्या लॉर्ड मेयरने, आणि तोही राजाच्या नावाने. पिढ्यान्‌पिढ्या त्याविषयी कोणी शंका घेतली नव्हती. शंका आली ती १६४१ च्या शरद ऋतूत, आणि तिच्या मुळाशी होती भीती.

भीतीचे पीक

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आयर्लंडमधील कॅथलिक लोकांनी बंड केले. जमिनी हिरावल्या गेल्याचा आणि धर्मावरील निर्बंधांचा राग अनेक वर्षे साचला होता. या बंडात अल्स्टर प्रांतात निरपराध प्रोटेस्टंट स्त्री-पुरुष मारले गेले. पोर्टाडाऊन येथे तर सुमारे शंभर जणांना पुलावरून नदीत ढकलून बुडवण्यात आले. आपल्याच धर्मबांधवांच्या हातून हे घडले, हे सत्य आपण झाकून ठेवू नये. परंतु लंडनला बातमी पोहोचेपर्यंत शेकड्यांचे हजार आणि हजारांचे लाख झाले. छापील चोपड्यांतून रोज नवे अत्याचार विकले जाऊ लागले. नोव्हेंबरात बील नावाच्या एका शिंप्याने पार्लमेंटसमोर येऊन सांगितले, की १०८ सभासदांचा खून करण्यासाठी १०८ माणसे नेमली असल्याचे बोलणे आपण शहराबाहेर चोरून ऐकले. पुरावा काही नव्हता. तरीही कॅथलिक लोकांवर पाळत ठेवण्याचे हुकूम सुटले. इंग्लंडमधील कॅथलिक त्या वेळी मूठभर होते. पण राजा पहिला चार्ल्स याची राणी हेन्रिएटा मरिया कॅथलिक होती, आणि तेवढे निमित्त संशयाला पुरेसे होते.

आता प्रश्न उभा राहिला : आयर्लंडच्या बंडाविरुद्ध फौज पाठवायची, तर ती राजाच्या हाती द्यायची काय? राजाने अकरा वर्षे पार्लमेंट न बोलावता कारभार केला होता, पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवले होते. हीच फौज त्याने उद्या आपल्यावर घातली तर? पार्लमेंटच्या पुढाऱ्यांची ही शंका निराधार होती असे म्हणता येत नाही. सत्ताधीशाच्या हातातील शस्त्रावर कोणाचा अंकुश असावा, हा प्रश्न खराच होता. दुर्दैव एवढेच, की तो खरा प्रश्न खोट्या भीतीच्या गाडीत बसून लंडनच्या रस्त्यांवर आला.

सात दिवसांची क्रांती

४ जानेवारी १६४२ रोजी राजा चार्ल्स सशस्त्र माणसे बरोबर घेऊन स्वतः लोकसभेत शिरला. जॉन पिम, जॉन हॅम्पडेन, आर्थर हेझलरिग, डेन्झिल होल्स आणि विल्यम स्ट्रोड या पाच जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडायचे होते. पाचही जण आधीच नदीमार्गे लंडन शहरात निसटले होते. दुसऱ्या दिवशी राजा गिल्डहॉल या नगरभवनात गेला आणि त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. शहराने नकार दिला. परतताना लोकांनी त्याच्या गाडीभोवती गर्दी करून पार्लमेंटच्या हक्कांच्या घोषणा दिल्या.

६ जानेवारीच्या रात्री राजाचे घोडेस्वार चालून येत असल्याची हूल उठली. वेशी बंद झाल्या, रस्त्यांवर साखळ्या ओढल्या गेल्या. स्त्रियांनी घरातील बाके आणि पिंपे रस्त्यात आणून अडथळे उभारले, शत्रूवर ओतण्यासाठी पाणी उकळत ठेवले. नागरी सेनेच्या तुकड्या हत्यारे घेऊन बाहेर पडल्या. हल्ला काही झाला नाही. परंतु एक गोष्ट घडून गेली होती. लॉर्ड मेयर सर रिचर्ड गर्नी हे राजनिष्ठ होते. त्यांनी सेनेला बाहेर पडण्याचा हुकूम दिलाच नव्हता. हुकमावाचून सेना बाहेर पडली, याचा अर्थ मेयरच्या हातातील दोर सुटला होता.

तो दोर उचलला शहराच्या 'कॉमन कौन्सिल'ने. आदल्याच महिन्यात, संत थॉमसच्या दिवशी झालेल्या वार्षिक निवडणुकीत या नगरसभेत प्युरिटन मताची बरीच माणसे निवडून आली होती. नगरसभेने एक सुरक्षा समिती नेमली; तीच पुढे नागरी सेनेची समिती झाली. सेनेचे नेतृत्व फिलिप स्किपन या अनुभवी सैनिकाकडे सोपवण्यात आले. हॉलंडच्या युद्धात लढलेला, साधा, भाविक असा हा माणूस सैनिकांसाठी भक्तिपर पुस्तकेही लिहीत असे. १० तारखेला राजा सहकुटुंब लंडन सोडून गेला. पुन्हा तो आला, तो सात वर्षांनी, कैदी म्हणून.

राजाला प्राणदंडाच्या शिक्षा तहकूब करण्याचा अधिकार होता, आणि धर्मगुरूंच्या बाबतीत त्याने तो पूर्वी वापरलाही होता. आता लंडनमध्ये त्याच्या शब्दाला वजन उरले नव्हते. फादर रेनॉल्ड्स यांची वर्षानुवर्षे लांबलेली शिक्षा २१ तारखेला अमलात आली, ती या परिस्थितीत.

मार्च महिन्यात पार्लमेंटने राजाच्या संमतीवाचून वटहुकूम काढून देशभरच्या नागरी सेनेचा ताबा घेतला. काही काळापुरता तरी हा अधिकार द्यावा, अशी विनंती राजाला करण्यात आली तेव्हा, एक तासासाठीही देणार नाही, असे त्याने देवाची शपथ घालून उत्तर दिले. १० मे रोजी फिन्सबरीच्या मैदानावर लंडनच्या आठ हजार नागरी सैनिकांनी पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांपुढे संचलन केले. ज्या गर्नींनी राजाचे फौजभरतीचे फर्मान शहरात जाहीर केले, त्यांना उन्हाळ्यात पदच्युत करून टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले. त्यांच्या जागी कट्टर प्युरिटन आयझॅक पेनिंग्टन मेयर झाले. ऑगस्टमध्ये युद्धाला तोंड फुटले.

व्यासपीठ आणि रणमैदान

या सेनेच्या शौर्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. १३ नोव्हेंबर १६४२, रविवारचा दिवस. आदल्या दिवशी राजाच्या फौजेने ब्रेंटफर्ड गाव लुटले होते आणि आता ती लंडनच्या रोखाने येत होती. टर्नहॅम ग्रीन येथे पार्लमेंटचे सैन्य आणि शहराची नागरी सेना मिळून सुमारे चोवीस हजार माणसे तिच्यासमोर उभी राहिली. मनापासून प्रार्थना करा आणि मनापासून लढा, असे सांगत स्किपन तुकडीतुकडीपुढून घोड्यावरून फिरत होता. शहरातल्या बायकांनी रविवारच्या जेवणाचे पदार्थ गाड्या भरभरून नवऱ्यांसाठी रणांगणावर पाठवले. संख्येने निम्मे असलेले राजाचे सैन्य माघारी वळले. पुढच्या वर्षी शहराभोवती अकरा मैलांचा तट आणि खंदक खणण्यात आला. श्रेणी-श्रेणींचे कारागीर, स्त्रिया, मुले पाट्या-फावडी घेऊन कामाला जात. सप्टेंबर १६४३ मध्ये न्यूबरीच्या लढाईत राजपुत्र रूपर्टच्या घोडदळाचे हल्ले लंडनच्या दुकानदारांनी भाल्यांच्या भिंतीने परतवून लावले. मात्र ही माणसे संसारी होती. त्याच नोव्हेंबरात बेसिंग हाउसच्या वेढ्यात थंडी-पावसाला कंटाळून त्यांनी 'घरी चला, घरी चला' असा ओरडा केला आणि सेनापतीचा नाइलाज झाला.

एका धर्मगुरूला या इतिहासात दुसरीच गोष्ट बोचते. ती म्हणजे धर्मपीठाचा वापर. नागरी सेनेची भरती वॉर्डनिहाय व्हायची आणि वर्गणीची, भरतीची आवाहने पॅरिशच्या चर्चमधून व्हायची. २३ फेब्रुवारी १६४२ रोजी स्टीफन मार्शल या नामांकित उपदेशकाने लोकसभेपुढे शास्ते या पुस्तकातील मेरोज गावाला दिलेल्या शापावर प्रवचन केले. परमेश्वराच्या युद्धात जो मदतीला येत नाही तो शापित, असा त्याचा रोख होता. हे प्रवचन छापले गेले आणि त्याने ते ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा केले. शेजाऱ्याविरुद्ध शस्त्र उचलायला का-कू करणाऱ्या गरीब माणसाला देवाच्या शापाची भीती घालणे, ही शास्त्रवचनांची केवढी विटंबना! अर्थात हा दोष केवळ प्युरिटनांचाच होता असे कोणी समजू नये. त्या शतकात युरोपभर कॅथलिक व्यासपीठांवरूनही युद्धाची भाषा बोलली जात होती.

याच सुमारास, १६४३ च्या वसंतात, सॉमरसेट हाउसमधील राणीच्या प्रार्थनामंदिराची मोडतोड झाली. २ मे रोजी चीपसाइड रस्त्यावरचा जुना, शिल्पांनी मढवलेला क्रूस शिपायांच्या पहाऱ्यात, नगारे-तुताऱ्यांच्या गजरात पाडण्यात आला. ज्या शस्त्रांनी आपल्या हक्कांचे रक्षण करायचे, तीच शस्त्रे दुसऱ्याच्या श्रद्धेचा अवमान करताना पहाऱ्याला उभी राहिली.

विजयानंतरचे भांडण

१६४६ मध्ये राजा हरला. शत्रू संपला की भय संपावे आणि भय संपले की शस्त्रे खाली ठेवावीत, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते. घडले उलटे. विजेत्यांमध्ये दोन तट पडले. प्रेस्बिटेरियन पक्षाला देशभर एकच शिस्तबद्ध प्रोटेस्टंट चर्च हवे होते, राजाशी तडजोड हवी होती आणि खर्चीक फौज मोडून टाकायची होती. इंडिपेंडंट पक्षाला प्रत्येक मंडळीचे स्वातंत्र्य हवे होते, आणि क्रॉमवेल व फेअरफॅक्स यांची नवी फौज त्यांच्या पाठीशी होती. कॅथलिकांना उघड उपासनेचे स्वातंत्र्य देण्याची तयारी मात्र दोघांपैकी कोणाचीच नव्हती.

लंडनच्या नगरसभेत आता प्रेस्बिटेरियनांचे बहुमत होते. सेनेच्या समितीवर आपलीच माणसे असावीत असा त्यांनी आग्रह धरला. ४ मे १६४७ च्या वटहुकुमाने नवी समिती आली आणि इंडिपेंडंट मताचे सभासद व अधिकारी वेचून काढण्यात आले. पाच वर्षांपूर्वी मेयर होऊन ज्यांनी शहर लढते ठेवले, ते पेनिंग्टनही त्यात गेले. शिवाय आणखी एक जुनी तक्रार होती. नदीपलीकडचे सदर्क, पूर्वेकडील टॉवर हॅम्लेट्स आणि पश्चिमेचे वेस्टमिन्स्टर या उपनगरांची सेनाही शहराच्या समितीला आपल्याच मुठीत हवी होती. आमचे रक्षण आम्ही करू, असे उपनगरवासी म्हणत होते. शहराच्या पुढाऱ्यांना हे मान्य नव्हते. राजाने आम्हांला विचारले नाही म्हणून जे रागावले, ते आता शेजाऱ्याला विचारायला तयार नव्हते.

फौज लंडनच्या रोखाने सरकू लागली, तेव्हा पार्लमेंट नमले. २२ जुलैला मे महिन्याचा वटहुकूम रद्द होऊन जुनी समिती परत आली. शहरात संतापाची लाट उसळली. २६ जुलै रोजी कारागिरांकडचे शिकाऊ उमेदवार आणि बडतर्फ झालेले शिपाई यांचा जमाव थेट लोकसभेत घुसला. सभापती लेन्थॉल यांना बळेच खुर्चीत बसवून, सेनेचा ताबा पुन्हा शहराच्या समितीला देणारा आणि राजाला लंडनला बोलावणारा ठराव करून घेण्यात आला. पार्लमेंटच्या रक्षणासाठी उभारलेली नागरी सेना त्या दिवशी पार्लमेंटच्या रक्षणाला आली नाही. १६४२ मध्ये राजाने जे करण्याचा प्रयत्न केला आणि जे त्याला साधले नाही, ते लंडनच्या पोरांनी करून दाखवले.

दोन्ही सभागृहांचे सभापती आणि साठाहून अधिक सभासद पळून फौजेच्या आश्रयाला गेले. शहराने एडवर्ड मॅसी या सेनानीच्या हाती सूत्रे देऊन लढाईची तयारी मांडली. पण ३ ऑगस्टला हाउन्स्लो हीथच्या माळावर फेअरफॅक्सची सुमारे पंधरा हजारांची फौज उभी राहिली, आणि त्याच रात्री सदर्कच्या लोकांनी आपल्या वेशी कर्नल रेन्सबरो यांच्या शिपायांना उघडून दिल्या. ज्यांच्यावर शहराला सत्ता गाजवायची होती, त्यांनीच दार उघडले. शहर शरण गेले. ६ ऑगस्टला फौज टोप्यांत लॉरेलची पाने खोचून आली. थोड्याच दिवसांत, चार वर्षांपूर्वी बायकामुलांनी पाट्या वाहून उभारलेला अकरा मैलांचा तट पाडून टाकण्याचा हुकूम निघाला. उपनगरांना स्वतंत्र समित्या मिळाल्या. लॉर्ड मेयर सर जॉन गेयर टॉवरच्या तुरुंगात गेले. सहा वर्षांत दुसरे मेयर त्याच तुरुंगात!

विटीदांडू आणि शेवट

९ एप्रिल १६४८ चा प्रसंग छोटाच, पण बोलका आहे. रविवारची दुपार होती. मूरफील्ड्सच्या मैदानावर काही उमेदवार पोरे आपल्या विटीदांडूसारखा खेळ खेळत होती. प्युरिटन नियमाप्रमाणे प्रभूच्या दिवशी खेळ निषिद्ध. पोरांना हाकलायला मेयरने नागरी सेनेची एक तुकडी पाठवली. पोरांनी तुकडीवर दगडफेक करून तिचा नगारा आणि निशाण हिसकावले, आणि हजारोंचा जमाव राजा चार्ल्सच्या नावाचा जयघोष करत रस्त्याने निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजेच्या घोडेस्वारांनी तो मोडून काढला. न्यूबरीला राजपुत्राचे घोडदळ थोपवणारी सेना आता मुलांच्या हातातील दांडू काढून घ्यायला निघाली होती, आणि तेही तिला जमले नाही.

त्या उन्हाळ्यात पुन्हा युद्ध पेटले. शहराला चुचकारण्यासाठी पार्लमेंटने समिती नेमण्याचा अधिकार त्याला परत दिला आणि स्किपनला पुन्हा प्रमुख केले. शहर शांत राहिले. पण ६ डिसेंबरच्या पहाटे वेस्टमिन्स्टरच्या पहाऱ्यावर येणाऱ्या नागरी सैनिकांना, तुमची गरज नाही, घरी जा, असे सांगण्यात आले. सांगणारा होता स्वतः स्किपन. त्यांच्या जागी फौजेचे शिपाई उभे राहिले, आणि कर्नल प्राइड यांनी दारात यादी घेऊन नको असलेले सभासद अडवले. उरलेल्यांनी राजावर खटला भरला. ३० जानेवारी १६४९ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

उरलेला प्रश्न

१६६० साली चार्ल्सचा मुलगा गादीवर परत आला आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून मान्य केले, की नागरी सेनेवर एकट्या राजाचाच अधिकार आहे. वीस वर्षांपूर्वी जो अधिकार तासाभरासाठीही देण्यास पित्याने नकार दिला, तो हजारोंच्या प्राणाहुतीनंतर पुत्राच्या ओंजळीत जसाच्या तसा पडला. याच पुत्राचा १६६१ साली पोर्तुगालच्या कॅथलिक राजकन्येशी, कॅथरिनशी, विवाहाचा करार झाला आणि त्या करारात आपली मुंबई इंग्रजांकडे गेली. त्या झगड्याचा धागा असा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मग तो सारा झगडा व्यर्थ होता काय? मला तसे वाटत नाही. राज्यकर्त्याच्या शस्त्रावर लोकांचा अंकुश हवा, हे तत्त्व पुढे टिकले, आणि आज लोकशाही देशांत ते आपण गृहीत धरतो. परंतु लंडनची कथा एक वेगळा इशाराही देते. भीतीच्या पायावर उभारलेले बळ भीतीचे कारण गेल्यावर विसर्जित होत नाही. ते नवा शत्रू शोधते. प्रथम कॅथलिक, मग राजा, मग विरोधी मताचा प्रोटेस्टंट, मग सदर्कचा शेजारी आणि अखेर मैदानावर खेळणारी पोरे. शस्त्र कोणाच्या हाती असावे यावर सात वर्षे वाद झाला. ते कशासाठी उचलावे आणि केव्हा खाली ठेवावे, हे ठरवायला मात्र कोणी थांबले नाही. गेथशेमनी बागेत प्रभू येशूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, ते प्रभूच्या बचावासाठी उपसलेल्या तलवारीबद्दल होते, हे आपण विसरतो.

त्याच लंडनमध्ये एक जेज्वीट धर्मगुरू होते, फादर हेन्री मोर्स. १६३६ साली प्लेगची साथ आली तेव्हा खुणा केलेल्या, कुलपे ठोकलेल्या घरांत जाऊन त्यांनी रोग्यांची सेवा केली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा भेद त्यांनी केला नाही. त्यांना स्वतःलाही प्लेगने गाठले, आणि ते त्यातून वाचले. युद्धाच्या ऐन धामधुमीत ते पकडले गेले आणि १ फेब्रुवारी १६४५ रोजी टायबर्नला त्यांना फाशी झाली. फादर रो यांच्याप्रमाणेच १९७० साली त्यांची संतपदी गणना झाली. ज्या गल्ल्यांमधून नऊ वर्षांपूर्वी ते औषध आणि साक्रामेंत घेऊन फिरले होते, त्याच शहराला त्यांच्यासारख्या माणसांपासून संरक्षण हवे आहे असे वाटत होते.

आपल्याला आपल्या शेजाऱ्याची भीती कोणी घालू लागले, तर आधी त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन यावे. फादर मोर्स यांनी एवढेच केले होते.